कबुतरांच्या गोळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही बायकोने आणून दिली. निवृत्त होऊन दोन महिने झाले आणि रोज सकाळी मी तिला कारखान्यातल्या गोष्टी सांगत होतो. सुट्टीच्या दिवशी घरून बोलावून नेलं आणि बंद पडलेलं मशीन मी नुसता आवाज ऐकून कसं दुरुस्त केलं, हे काल चौथ्यांदा सांगितलं. तिने कात्री शांतपणे खाली ठेवली (ती घरी कपडे शिवते), दुकानात गेली आणि वही घेऊन आली. "हिला सांगा," म्हणाली. "ही उठून जाणार नाही."

तर वही, ऐक. औषधांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी गोळ्या पाडायच्या मशीनचा फिटर होतो. ताप, पित्त, डोकेदुखी, सगळं माझ्या हाताखालून गेलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात माझं नाव चुकवलं, मशीनचं बरोबर घेतलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, यावरून मी कसा माणूस आहे ते तुला कळेल.

सध्याची कामं: सकाळी फिरणे, दूध आणणे, बायकोच्या शिवणयंत्राला तेल देणे. तेल इतकं झालं की परवा गिऱ्हाइकाच्या नव्या झग्यावर डाग पडला. मला यंत्रापासून चार हात लांब राहायला सांगण्यात आलं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भंगारवाल्याचा फोन आला. आमची जुनी ओळख. बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं तो विकत घेतो आणि विकतो. त्याने कुणाला तरी गोळ्यांचं जुनं सोळा पंचांचं (म्हणजे गोळी दाबणाऱ्या सोळा दट्ट्यांचं) मशीन विकलंय आणि घेणाऱ्याला ते चालवता येत नाही. "तुझ्याशिवाय कुणाचं काम नाही," म्हणाला. हे वाक्य मी बायकोला ऐकू जावं म्हणून मोठ्याने पुन्हा उच्चारलं.

संध्याकाळी घेणारे गृहस्थ स्वतः घरी आले. इतका नम्र माणूस मी पाहिलेला नाही. दर वाक्याला "सर". चपला दाराबाहेर काढल्या, त्याही जोडीने सरळ लावून. ते पक्ष्यांसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढणार आहेत. शर्यतीच्या कबुतरांसाठी.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "कबुतरं गोळ्या खातात?"

"का नाही खाणार?"

"आणि हा नम्रराव घाम का पुसत होता एवढा? पंखा तर चालू होता."

नम्र माणसांना घाम येतो, असं मी सांगितलं. नाव मात्र छान ठेवलंय तिने.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर शेडवर जातोय. जुन्या साबण कारखान्याच्या मागे आहे. पाटी नाही. खिडक्यांच्या काचा आतून काळ्या रंगवल्यात, कारण उजेडाने जीवनसत्त्वं मरतात. हे फार लोकांना माहीत नसतं. नम्ररावांना माहीत आहे. दारातच फोन एका पत्र्याच्या डब्यात काढून ठेवावा लागतो. ही शिस्त आमच्या कारखान्यात आणा म्हणून मी तीनदा अर्ज केला होता. इथे कुणी न सांगता केलीय.

मशीनची मात्र दया येते. कुणा अडाण्याने दट्ट्ये उलटे बसवलेत, तेलाऐवजी ग्रीस फासलंय. मी सगळं उलगडून चादरीवर मांडलं. पॅकिंगच्या चार बायका बघत उभ्या राहिल्या. त्यातली एक खूप उंच आहे, दारातून वाकून येते. तिने एकही भाग न हलवता सगळ्या चादरीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला. कामाची बाई आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चालू झालं!

पहिल्या पाचशे गोळ्यांच्या टोप्या उडाल्या, म्हणजे वरची चकती सुटून आली. मी दाब कमी केला, वेग उतरवला आणि कान लावून बसलो. मग तो आवाज आला. ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला भूक लागली.

नम्ररावांनी माझे हात हातात घेतले. "सर, तुम्ही नसता तर आम्ही संपलो असतो." साहेबांनी तेहतीस वर्षांत असं एकदाही म्हटलं नाही.

एकच गोष्ट खटकली. नोंदवही नाही! कुणी, कधी, किती गोळ्या पाडल्या, कशाचा पत्ता नाही. मी म्हणालो, नोंदवही नसेल तर मी उद्यापासून येणार नाही. नम्रराव जरा गडबडले, पण मशीन बंद पडेल या भीतीने हो म्हणाले. मी येताना स्वतः जाड वही घेतली, रकाने आखले: तारीख, वेळ, चालवणाऱ्याचं पूर्ण नाव, गोळ्यांचा आकडा, सही.

४ मार्च, मंगळवार

वाचनालयात जाऊन कबुतरांवरचं पुस्तक वाचलं. काळजीत पडलो. आमची गोळी फार मोठी आहे. हिशोब केला: कबुतराने ती गिळणं म्हणजे मी आख्खा बटाटा न चावता गिळण्यासारखं आहे.

नम्ररावांना पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि लहान साचे मागवा म्हटलं. ते बराच वेळ चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, "आमची कबुतरं मोठी असतात, सर."

"किती मोठी?"

"परदेशी आहेत."

पॅकिंगच्या टेबलावर कुणीतरी फस्सकन हसलं. उंच बाई हसली नाही.

गोळीवर मुकुटाचा ठसा आहे. शर्यत जिंकणाऱ्याला मुकुट, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

११ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून शेडमध्ये परत गेलो. उंच बाई एकटीच मागच्या पायरीवर बसली होती. डबा उघडा, जेवण तसंच.

"काका," म्हणाली, "इथे एक तरी कबुतर बघितलंत का तुम्ही?"

मी म्हणालो, कबुतरं गिऱ्हाइकांकडे असतात.

"ह्या गोळ्या माणसं खातात. कॉलेजातली पोरं खातात. आमच्या गल्लीतली एक मुलगी मागच्या महिन्यात झोपली ती उठलीच नाही. तिच्या उशीखाली मुकुटाची गोळी सापडली."

मी चष्मा पुसला.

"मला सोडायचंय. पण माझ्या मुलीची शाळा कुठली, ती कुठल्या दाराने बाहेर येते, सगळं ह्यांना माहीत आहे. तुम्ही बाहेरचे आहात, वयस्कर आहात. तुम्ही कुणाला तरी सांगू शकता."

मी म्हणालो, "मी फक्त मशीन बघतो."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग डब्याला झाकण लावून आत गेली. दुपारभर मी सातव्या नंबरच्या पंचाला पॉलिश करत बसलो. त्याला पॉलिशची गरज नव्हती.

कामाच्या ताणाने बायकांच्या मनात काहीबाही येतं. शिवाय मुलगी कशानेही गेली असेल.

१२ मार्च, बुधवार

गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं. पोट ठणठणीत आहे.

१३ मार्च, गुरुवार

नम्रराव घरी आले, फळांची टोपली घेऊन. मशीन सकाळपासून अडतंय, कुणाला जमत नाही. "सर, तुमच्या हाताला ते ओळखतं."

गेलो. आधी मला वाटलं होतं की तोंड कसं दाखवू. मग मशीनचा आवाज ऐकला आणि तोंडबिंड सगळं विसरलो. माझी किंमत काय, तर एक वाक्य.

१४ मार्च, शुक्रवार

आज मी एक हुशारीचं काम केलं. नोंदवहीत नवा रकाना आखला, 'तपासनीस', आणि उंच बाईला त्या जागेवर नेमलं. दर पाळीच्या शेवटी तिने सही करायची. माणसाला थोडा मान दिला की त्याची कुरकूर कमी होते, हे मी कारखान्यात शिकलो.

"मी सही करू?" तिने विचारलं.

"तपासनीस म्हणजे जबाबदारीची जागा आहे," मी म्हणालो.

तिने पेन घेतलं, सही केली आणि पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. अभिनंदन मीच माझं केलं.

१९ मार्च, बुधवार

विक्रम! एका दिवसात इतक्या गोळ्या या मशीनने जन्मात काढल्या नसतील. नोंदवहीत आकड्याखाली लाल रेघ मारली, पट्टी लावून.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी कबुतरं जगात आहेत?"

३० मार्च, रविवार

तीन दिवस नोंद नाही, कारण कोठडीत वही देत नाहीत; आज जामिनावर घरी आलो. क्रमाने लिहितो. फिटरने क्रम सोडू नये.

गुरुवार, सकाळचे अकरा वीस. मी मशीनखाली पाठीवर पडलो होतो, दोन्ही हातांनी खालचा जड भाग वर ढकलून धरला होता, तोंडात पाना. बाहेर काहीतरी जोरात आदळलं. मग बूट आले, पुष्कळ बूट. कुणीतरी ओरडलं, "सगळ्यांनी हात वर!" मी म्हणालो, एक मिनिट थांबा. तोंडात पाना असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. एक शिपाई खाली वाकला आणि माझ्यावर बंदूक रोखून पुन्हा ओरडला, "हात वर!"

मी पाना थुंकला. "वरच आहेत. सोडले तर हे माझ्या छातीवर येईल."

त्याने मागे वळून आपल्या साहेबांना विचारलं. थोडी चर्चा झाली. शेवटी त्याने बंदूक दुसऱ्याकडे दिली, गुडघ्यांवर बसला आणि तो भाग धरला, तेव्हा मी बाहेर सरकलो. पोलीस धाड टाकायला आले होते आणि मी त्यांच्यातल्या एकाला कामाला लावला होता. "डावीकडून जरा वर धर," असंही मी त्याला सांगितलं. हे मला आठवत नाही; शिपायाने आपल्या जबाबात लिहिलंय.

पुढे याहून मोठी शोभा झाली. समोर एक इन्स्पेक्टरबाई उभ्या होत्या. मला वाटलं औषध खात्याची तपासणी. अशा तपासण्या मी खूप पाहिल्यात. त्यात नोंदी चोख असल्या की निम्मं काम होतं. मी हात पुसले, कपाटातून नोंदवही काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "पहिल्या दिवसापासून सगळं पूर्ण आहे, मॅडम. एकही रकाना रिकामा नाही."

त्यांनी चार पानं उलटली. पूर्ण नावं. तारखा. आकडे. सह्या. मग वर बघून म्हणाल्या, "तुम्ही नक्की कोण?"

भिंतीशी उभ्या केलेल्या नम्ररावांनी डोळे मिटून घेतले. त्या वेळी त्यांनी मला पहिल्यांदाच सर म्हटलं नाही. काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, वही बायकोही वाचू शकते.

त्या सकाळी एकाच वेळी पाच ठिकाणी धाडी पडल्या. माल विकणारे दोघे सापडले, साचे बनवणारा सापडला, भंगारवाला त्याच्या गोदामात जुन्या यंत्रांच्या मागे लपलेला सापडला. अशी तीन मशीनं त्याने आणखी तिघांना विकली होती. चारही बायकांना गाडीत घातलं. उंच बाई दारातून वाकून बाहेर गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

चौकशीत इन्स्पेक्टरबाईंनी नोंदवही माझ्यापुढे उघडली. "एकोणीस मार्च. ही लाल रेघ कशाची?"

"त्या दिवशी विक्रम झाला."

"आकडा वाचा."

मी वाचला. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला.

"ह्यातल्या शेडमध्ये किती मिळाल्या माहीत आहे? एकही नाही. सगळ्या बाहेर आहेत." त्यांनी वही मिटली. "हे कबुतरांचं नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही आलात तेव्हा," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली. सही सुवाच्य आली आहे.

१ एप्रिल, मंगळवार

घरी दुसरा दिवस. आमची मुलगी परगावाहून तातडीने गाडी पकडून आली. तिने मला मिठी मारली आणि लगेच विचारलं, "बाबा, कबुतरं? खरंच?"

वर्तमानपत्रात आमची बातमी आहे. माझा उल्लेख 'टोळीचा तांत्रिक सूत्रधार' असा केलाय. बायकोने ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "सूत्रधार! न्हाणीघरातला नळ तीन महिने गळतोय."

मला हसू आलं. मग मला त्या मुलीची आठवण झाली, जी उठली नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार

मुलीने वकील शोधलाय. तरुण आहे, भराभर बोलतो. त्याची योजना सरळ आहे. "तुम्हाला काहीही कळत नव्हतं. कळण्याची तुमची कुवतच नाही. हे आपलं हत्यार."

त्यासाठी पुरावे हवेत. जुन्या साहेबांकडे पत्र मागितलं. निवृत्तीचे कागद द्यायला त्यांनी दोन महिने लावले होते, हे पत्र एका तासात आलं. 'सदर गृहस्थ यंत्राखेरीज कोणत्याही विषयात अत्यंत भोळे असून त्यांना कोणीही काहीही पटवू शकते.' नाव या वेळी बरोबर लिहिलंय. शेजारी मी मूर्ख असल्याची साक्ष द्यायला तयार आहेत. वकिलाला एकच हवा होता, तिघे आले. तिसऱ्याला परत पाठवलं तर तो नाराज झाला.

वाचनालयाच्या नोंदीत माझं कबुतरांचं पुस्तक सापडलं. वकील त्या पानाला हिरा म्हणतो.

मी भोळा ठरणार आणि सुटणार. सगळे खूश आहेत. मी जेवताना फारसा बोललो नाही, तेही वकिलाच्या मते चांगलंच.

२२ एप्रिल, मंगळवार

मशीन ओळखायला पोलिसांच्या गोदामात बोलावलं होतं. तिथे तराजू, साचे, पिशव्या बंद करायची यंत्रं, सगळं चिठ्ठ्या लावून मांडलंय. मधोमध माझं मशीन. कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला होता. मी तो उचलून खिडकीत ठेवला.

इन्स्पेक्टरबाईंनी सहज सांगितलं की नम्ररावांनी तोंड उघडलंय. म्हणतात, ते नुसते भाडेकरू. शेडचा कारभार त्या उंच बाईच्या हातात होता.

"खोटं आहे ते," मी म्हणालो.

"कशावरून? तुमच्या नोंदवहीत चौदा मार्चपासून रोज तिची सही आहे. तपासनीस म्हणून. बाकी तीन बायका सुटल्या, त्यांच्या सह्या नाहीत. ती आतच आहे. मुलगी शेजाऱ्यांकडे राहते."

"तो रकाना मी आखला."

"का?"

मी मशीनकडे बघितलं. सातव्या पंचाचं पॉलिश अजून चमकत होतं. मी म्हणालो, नोंदी नीट राहाव्यात म्हणून.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी न्हाणीघरातला नळ दुरुस्त केला. दुपारी तो पुन्हा उघडून पुन्हा दुरुस्त केला.

त्या बाईने मला सांगितलं होतं, हे मी पोलिसांना सांगितलं तर ती कारभारीण नव्हती, धाकाने राहिली होती, हे खरं ठरेल. कारण कुठली कारभारीण फिटरला म्हणेल, कुणाला तरी सांगा? पण मग मलाही अकरा मार्चला कळलं होतं, हेही खरं ठरेल. त्यानंतर सोळा दिवस मी ते मशीन चालतं ठेवलं. लाल रेघ त्यातलीच.

भोळेपणाचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आहे. असं प्रमाणपत्र मिळायला माणसाला जन्म घालवावा लागतो, मी घालवलाय. ते परत करायचं म्हणजे काय गंमत आहे?

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी बायको कापड बेतत होती. मी चार हात अंतरावर उभा राहून सगळं सांगितलं. पायरी, डबा, मुलगी, तपासनीस. तिची कात्री चालू होती.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

"पोट बिघडलं म्हणालात त्या दिवशी दोनदा वाढून घेतलंत. आणि दिवसभरात एकदाही मशीनचं नाव काढलं नाहीत. तेव्हाच कळलं की तिथे काहीतरी वाईट आहे."

"मग बोलली का नाहीस?"

आता कात्री थांबली. "तुम्ही दिवसभर घरात नसायचात ना, त्यामुळे मला बरं वाटत होतं. दुपारी शांत असायचं. दुसऱ्या दिवशी फळांची टोपली आली आणि तुम्ही निघालात, तर मी दार लावून घेतलं." तिने कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली. "मलाही विचारलं असतं ना त्या इन्स्पेक्टरबाईंनी, तर मीही हेच म्हटलं असतं. मला काय माहीत."

मग ती उठली. "चला. चपला घाला."

"वकिलाला विचारायला हवं."

"त्याला विचारलंत तर तो नको म्हणेल, आणि तुम्ही त्याचं ऐकाल. तुमचं मला माहीत आहे."

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरबाईंनी माझं पूर्ण ऐकलं. मग पेनचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. "हे कागदावर आलं की तुम्ही भोळे राहणार नाही. कळतंय ना?"

"हो."

"आधीचा जबाब खोटा होता, असंही होईल."

"तो खोटाच होता. सही मात्र खरी आहे."

"वकिलांशी बोललात?"

"ते माझ्या मूर्खपणाचे वकील आहेत, मॅडम. आता मला दुसरा बघावा लागेल."

बायकोने मला कोपराने ढोसलं. इन्स्पेक्टरबाई हसल्या नाहीत. लिहायला लागल्या. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. उंच बाई काय बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. मग मी काय बोललो ते सांगायची वेळ आली. चारच शब्द होते. बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"'मी फक्त मशीन बघतो,'" मी म्हणालो.

इन्स्पेक्टरबाईंनी ते लिहून पूर्णविराम दिला. मी खाली सही केली. ही सही बरी नाही आली.

बाहेर आल्यावर वकिलाचा फोन आला. तो पाच मिनिटं ओरडत होता. त्याचं सगळं बरोबर होतं.

५ जून, गुरुवार

कोर्टात निकाल. खोटा जबाब आणि माहिती दडवणं, दोन्ही कबूल केलं. वय, पूर्ण सहकार्य आणि चोख नोंदी पाहून शिक्षा दोन वर्षं स्थगित; तोवर दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि कुठल्याही यंत्राच्या धंद्यात काम करायचं नाही. न्यायाधीश म्हणाले की आरोपीच्या नोंदवहीतल्या पूर्ण नावांवरून इतर तीन शेडचे पत्ते लागले. मान थोडी वर होणार होती. मग ते म्हणाले, याच नोंदवहीमुळे हेही कळतं की सोळा दिवसांत किती गोळ्या बाहेर गेल्या. मान होती तिथेच राहिली.

नम्रराव आणि भंगारवाला आत आहेत. उंच बाई मेच्या सुरुवातीला जामिनावर सुटली. ती आता नम्ररावांविरुद्ध साक्ष देणार आहे. तिच्या मुलीची शाळा पोलिसांनी बदलून दिली.

आमच्या मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, बरं वाटतंय का?" मी हो म्हणालो. हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटत नाही. सकाळी उठलो की तो आकडा आठवतो, पट्टी लावून मारलेल्या रेघेसकट.

१६ जून, सोमवार

आज ठाण्यात ती भेटली. साक्षीदारांनाही सोमवारीच बोलावतात. लांब बाकावर शेवटी बसली होती, बसूनही सगळ्यांपेक्षा उंच. शेजारी आठेक वर्षांची मुलगी, मांडीवर गृहपाठाची वही.

मी या भेटीची तयारी करून ठेवली होती, हे लपवत नाही. ती आभार मानेल, मग मी म्हणेन, छे, छे, आभार कसले. रस्त्याने चालताना एकदा म्हणूनही पाहिलं होतं. जरा नम्ररावांसारखं वाटलं म्हणून शब्द बदलले होते.

मी पुढे जाऊन उभा राहिलो. तिने वर बघितलं. आभार वगैरे काही मानले नाहीत.

"उशीर केलात, काका," म्हणाली.

मी घड्याळ बघितलं. "नाही, दहाला पाच कमी आहेत अजून. दहाची वेळ दिलीय मला."

ती नुसती बघत राहिली, त्या दिवशी पायरीवर बघितलं होतं तशी. मी हात खाली घेतला आणि मग मला कळलं. कान तापले. तयारी केलेले सगळे शब्द तिथेच होते, एकही उपयोगाचा नव्हता.

"हो," मी म्हणालो. "केला."

मुलीने वहीतून डोकं काढून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. उंच बाईने तिचं दप्तर बाकावरून उचलून खाली ठेवलं आणि रिकामी झालेली जागा हाताने झटकली.

"बसा," म्हणाली. "इथे वेळ लागतो."